पाणी तपासणाऱ्या पेटीची कबुली

मी एक जुनी निळी पेटी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे जेमतेम दोन वर्षांची. पण माझ्या जातीत दोन वर्षं म्हणजे म्हातारपण आलंच, कारण माझ्या पोटातल्या गोळ्यांची मुदत तेवढीच असते. डब्याएवढं माझं अंग, आत स्पंजच्या खाचांमध्ये झोपवलेल्या दोन काचेच्या नळ्या, गोळ्यांच्या पाकिटपट्ट्यांचे दोन गठ्ठे आणि झाकणाला आतून चिकटवलेली रंगांची पट्टी. पोहण्याच्या तलावातलं पाणी नळीत घ्यायचं, गोळी टाकायची, हलवायचं आणि जो रंग येईल तो पट्टीशी ताडून पाहायचा. एका नळीत पाण्यातलं क्लोरीन कळतं, दुसरीत पाणी किती आंबट किंवा किती चुनखडं झालंय ते. एवढंच माझं शिक्षण. पण ते पक्कं आहे, असं मला वाटायचं.

या वाटण्याचं मूळ कारखान्यात आहे. एका लांबलचक शेडमध्ये, खिडकीशेजारच्या टेबलावर, चष्म्याला दोरी लावलेली एक बाई रंगपट्ट्या तपासायची. प्रत्येक पट्टी ती उजेडाला धरायची आणि नापसंत पडली की न बोलता खाली टोपलीत टाकायची. शेजारी बसलेल्या नव्या मुलीला एकदा ती म्हणाली, "पट्टी चुकली तर कुणाचे तरी डोळे चुरचुरतात, बाई. घाई करू नकोस." माझी पट्टी तिने दोनदा उजेडाला धरली आणि पसंत केली. तेव्हापासून मी थोडी ताठ्यातच होते. माझं चुकणं शक्यच नाही, अशी माझी खात्री झाली होती. त्या खात्रीपायी काय झालं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

मला घरी आणलं ते हौद बांधणाऱ्या मिस्त्रीने. घरातले लोक हौदाला स्विमिंग पूल म्हणत, पण घरातले थोरले, आबा, हौदच म्हणत आणि मलाही तोच शब्द आवडतो. घरामागे पूर्वी भाजीचे वाफे होते तिथे तो खणला होता. बारा पावलं लांब, पाच पावलं रुंद, एका टोकाला बसक्या रुंद पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे. पोहण्याची हौस कुणालाच नव्हती. हौद बांधला होता माईंसाठी.

माई म्हणजे आबांची बायको. हौदाचं काम सुरू व्हायच्या आधी महिनाभर त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. सगळ्या भाषेतून एकच शब्द त्यांच्यापाशी उरला, तो म्हणजे "बरं". भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, रागावल्या तरी बरंच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मुलाला आणि सुनेला बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "पाण्यात अंग हलकं होतं. जमिनीवर जो पाय उचलत नाही तो पाण्यात उचलेल. पण हे पहिल्या सहा-सात महिन्यांत व्हायला हवं. नंतर मी फारसं वचन देणार नाही." मुलगा शब्दाबाहेर गेला नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं.

बांधकामात तीन महिने गेले. मग मिस्त्रीने पाणी सोडलं आणि मला आबांच्या हातात दिलं.

"आता महिनाभर कुणीही उतरायचं नाही," तो म्हणाला. "आतला गिलावा अजून कच्चा आहे. तो पाण्यात चुना सोडत राहणार. रोज दोन वेळा भिंती घासायच्या, रोज पाणी तपासायचं. पाणी चुनखडं झालं की थोडं थोडं ॲसिड द्यायचं. एकदम ओतलं तर गिलावा खाऊन टाकेल. पंप बंद ठेवायचा नाही."

"महिना?" मुलगा म्हणाला. "बाई तर म्हणतात, आधीच उशीर झालाय."

"घाई केलीत तर वर्षभरात पापुद्रे निघतील. माईंच्या पायाला टोचतील."

"महिना म्हणजे महिना," आबा म्हणाले. "माझ्यावर सोड."

आणि खरंच, हे काम सोपवायला आबांपेक्षा लायक माणूस सापडला नसता. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. शिक्षक शिकवायचे, पण बाटल्या भरणं, द्रावणं करणं आणि प्रयोग मांडून दाखवणं आबांकडे. त्या वाफांमध्ये त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं. दूध करपलं तरी त्यांना पत्ता लागत नसे आणि त्यावरून घरात त्यांची थट्टा चालायची. हात मात्र अजून स्थिर होता. ॲसिडमध्ये पाणी कधी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हे ते बादलीशी उभे राहून स्वतःलाच मोठ्याने बजावायचे. ऐकायला माईंची चाकाची खुर्ची शेजारी असायचीच.

माझ्या आत एक घडीचं माहितीपत्रक होतं. आबांनी ते काढलं, चष्मा वर करून पहिली ओळ वाचली आणि हसले. "चाळीस वर्षं मी पोरांना हेच दाखवलं, आता मला कोण शिकवणार?" असं म्हणून त्यांनी ते माझ्या स्पंजखाली सरकवून दिलं. पहिल्या दिवसापासून ते माझ्या पाठीखाली होतं. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, पेटीला तोंड नसतं.

आता आबांची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपलं. सकाळी आठला ते कोपरापर्यंत हात बुडवून, पाण्याच्या पृष्ठभागाखालून नमुना घ्यायचे. गोळी बोटाचा स्पर्श न होऊ देता नळीत पाडायचे. झाकण लावून नळी दहा वेळा उलटीसुलटी करायचे आणि मग ती माझ्या खाचेत उभी ठेवून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहायचे. सेकंदकाटा एक पूर्ण फेरी मारेपर्यंत त्यांची नजर तिथून हलत नसे. शाळेत घाईने रंग वाचणाऱ्या मुलांना ते म्हणायचे तेच माईंनाही सांगायचे, "रंग बसू द्यावा. बसल्याशिवाय वाचू नये." मिनिट झालं की चष्मा सारखा करून नळी पट्टीशी धरायचे. रोजच्या साध्या पाण्याला त्या मिनिटाने काही बिघडत नव्हतं. फिका गुलाबी मिनिटानेही फिका गुलाबीच राहायचा.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. पहिल्या आठवड्यात पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि भिंतींवर पांढरी भुकटी साचायची. आबा लांब दांड्याचा ब्रश घेऊन कडेकडेने फिरायचे, माई खुर्चीतून डाव्या हाताने राहिलेली जागा दाखवायच्या. "बरं," त्या म्हणायच्या. "तिथे राहिलं म्हणतेस?" आबा विचारायचे आणि तिथेच राहिलेलं असायचं. माईंचा कुठला बरं कशासाठी हे आपल्याला अचूक कळतं, याचा त्यांना फार अभिमान होता. सुनेला कळायचं नाही, मुलाला तर मुळीच नाही. तिसऱ्या आठवड्यात तळातला प्रत्येक कण दिसेल इतकं पाणी निवळलं. मिस्त्री येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "आबा, माझ्याकडे कामाला या. असं पाणी माझ्या हातूनसुद्धा होत नाही." आबांनी तेवढ्यात मला रुमालाने पुसलं. मला आजही तो रुमाल आठवतो.

इकडे व्यायामाच्या बाई माईंना खोलीत उभं करत होत्या. दोघींनी धरलं तर माई दहा श्वास उभ्या राहू लागल्या. पाण्यात उतरायचा सोमवार ठरला.

त्याआधीच्या मंगळवारी वारा सुटला. दोन दिवस नुसती धूळ आणि पालापाचोळा. त्यातच पंपाची मोटर जळाली आणि नवी यायला दीड दिवस लागला. गुरुवारी दुपारी पायऱ्यांच्या कोपऱ्यात बोटाला बुळबुळीत लागेल असा हिरवा थर आबांना दिसला. बाईंनी याआधी दोनदा तारीख पुढे ढकलली होती. सहावा महिना संपत आला होता. आबांनी क्लोरीनच्या पावडरीचं चांगलं मोठं माप दिलं, आणखी धूळ पडू नये म्हणून मुलाने हौदावर ताडपत्रीसारखं जाड आच्छादन ओढून बांधलं. इथवर चूक कुणाचीच नव्हती.

माप जरा जास्तच झालं होतं. आच्छादनाखाली ना ऊन पोचलं ना वारा, त्यामुळे क्लोरीन उडूनही गेलं नाही. शुक्रवारी सकाळी आबांनी एक कोपरा उचलून नमुना घेतला, गोळी टाकली, नळी हलवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

त्या क्षणी माझ्या नळीत असा गडद गुलाबी पेटला की माझ्या पट्टीवर तसा रंगच नाही. आणि दहा-बारा सेकंदांत तो विझला. मिनिट भरलं तेव्हा नळीत स्वच्छ, बिनरंगी पाणी होतं. माझं हेच वैगुण्य आहे, मित्रांनो. क्लोरीन प्रमाणाबाहेर झालं की ते माझा रंगच जाळून टाकतं आणि मग फार असणं आणि मुळीच नसणं माझ्या नळीत सारखंच दिसतं. त्या दहा सेकंदांत जो पाहील त्यालाच खरं कळतं. माहितीपत्रकाच्या मागे हेच लिहिलं होतं. रंग लगेच पाहावा, असंही लिहिलं होतं.

आबांनी नळी पट्टीशी धरली. "शून्य," ते म्हणाले. "हिरव्याने सगळं खाल्लं." आणि संध्याकाळी आणखी एक माप दिलं.

पण रंग पाहिला होता कुणीतरी. माई खुर्चीत बसून माझ्याकडेच पाहत होत्या. त्यांना दुसरं काम तरी काय होतं? रोज सकाळी तो रंग उमटताना पाहणं ही त्यांची करमणूक होती. शनिवारी पुन्हा तसाच रंग पेटला तेव्हा त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. "बरं," त्या म्हणाल्या. आबांची नजर सेकंदकाट्यावर होती. "थांब गं, रंग बसू दे," ते म्हणाले. "बरं, बरं," माई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. मिनिट भरल्यावर आबांनी वर पाहिलं, तर त्यांचं बोट अजून माझ्या दिशेने होतं, म्हणजे माझ्यामागच्या हौदाच्याही दिशेने.

"माहितीये मला," आबा हसून म्हणाले. "धीर निघत नाहीये ना? सोमवारी उतरायचंच." आणि नळीत पाहून म्हणाले, "अजून शून्यच."

मी झाकण उघडं टाकून तिथेच होते. आम्हा दोघींना एकच गोष्ट माहीत होती आणि आम्हा दोघींना तोंड नव्हतं. याहून मोठं दुःख मला त्यानंतरही झालेलं नाही.

रविवारी सून कपडे वाळत घालायला मागे आली आणि तिने नाकाला पदर लावला. "आबा, वास फार येतोय हो. डोळ्यांना लागतोय."

"हौद म्हटला की वास यायचाच."

"नाही, पण आज जास्तच."

"अगं, मी आत्ताच तपासलंय. काडीभर क्लोरीन नाहीये पाण्यात. ही पेटी खोटं बोलते का?" त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. त्या घरात माझा शब्द शेवटचा मानला जायचा. सून बादली घेऊन आत गेली. माई आबांकडे पाहत होत्या. त्या दिवशी त्या बरंसुद्धा म्हणाल्या नाहीत.

सोमवारी सकाळी दहाला व्यायामाच्या बाई आल्या. आच्छादन काढलं. पाणी इतकं नितळ होतं की मुलाने मोबाइलवर फोटो काढला. माईंना गडद निळा नवा पोशाख घातला होता, खांद्यावर तसाच निळा टॉवेल. आबांनी हात दिला. माईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग आबांकडे, आणि तो हात धरला. चाळीसहून अधिक वर्षं त्या माणसाचा हात धरून त्या कुठे कुठे गेल्या असतील, मला माहीत नाही. त्या दिवशीही गेल्या.

तिसऱ्या पायरीवर पाणी कमरेला लागलं आणि खरोखरच त्यांचा उजवा पाय उचलला गेला. दोनदा उचलला गेला. बाई म्हणाल्या, "बघा, बघा." आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं असावं असं सगळ्यांना वाटलं. मग बाईंनी स्वतःचे डोळे चोळले. त्या खोकल्या. पाण्यालगत जी हवा चार रात्री कोंडली होती ती अजून तिथेच रेंगाळत होती. माई खोकू लागल्या, आणि खोकताना त्यांचा तोल गेला. बाईंनी त्यांना लगेच सावरलं, पण तेवढ्यात तोंड पाण्याखाली गेलं होतं. अर्ध्या ओठांना मिटणं जमत नव्हतं. पाणी आत गेलं.

पुढचं मी फक्त आवाजाने सांगू शकते, कारण माझं झाकण कुणाचा तरी धक्का लागून मिटलं. धावपळ, गाडीचं दार, सुनेचा फोनवरचा आवाज. मग दिवसभर काहीच नाही.

आबा परतले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, माईंचे कपडे न्यायला. माई वाचल्या होत्या, पण छातीत सूज होती आणि श्वासाला नळी लावली होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर विचारत होते, पाण्यात काय होतं. आणि आबा सांगत होते, काहीच नव्हतं. ते मागच्या अंगणात आले आणि सवयीने आधी माझं झाकण उघडलं. कठड्यापाशी ओला पोशाख आणि टॉवेल आदल्या दिवसापासून तसेच पडले होते. आबांनी टॉवेल उचलला. गडद निळ्या कापडावर फिके, पिवळट डाग पडले होते. रंग उडाला होता.

त्यांनी तो टॉवेल उजेडाला धरला. मित्रांनो, चाळीस वर्षं दरवर्षी त्यांनी वर्गापुढे हाच प्रयोग मांडला होता. क्लोरीनच्या बरणीत रंगीत फूल सोडायचं आणि मुलांना विचारायचं, रंग कुठे गेला? सगळ्या शाळेत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

ते परत माझ्यापाशी आले. स्वयंपाकघरातून पिण्याच्या पाण्याचं भांडं आणलं. हौदातलं एक माप पाणी, त्यात नऊ मापं साधं पाणी, असं नीट मिसळून नळी भरली आणि गोळी टाकली. सवयीने मनगट वर आलं. ते त्यांनी खाली केलं आणि नळीकडे पाहिलं. दहापट पातळ केलेलं पाणीसुद्धा गडद गुलाबी झालं आणि तसंच राहिलं.

मग त्यांनी नुसत्या हौदाच्या पाण्याची नळी भरली. रंग पेटला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत विझला. आबा जमिनीवर बसले. "ती दाखवत होती," ते म्हणाले. तिथे कुणी नव्हतं, म्हणजे ते मलाच म्हणाले असावेत. "तीन दिवस तिला दिसत होतं."

त्यांनी माझा स्पंज उचलून माहितीपत्रक काढलं आणि उन्हात बसून दोन्ही बाजूंनी वाचलं. मला वाटलं, आता ते मला भिरकावून देतील. तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझं झाकण लावलं आणि गाडीत बसून हॉस्पिटलमध्ये गेले. डॉक्टरांना त्यांनी सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मुलाच्या आणि सुनेच्या देखत, हे मला नंतर सुनेच्या बोलण्यातून कळलं.

माई अकरा दिवसांनी घरी आल्या. दहा श्वास उभं राहणारा पाय आता एकही श्वास उभा राहत नव्हता. बाई येत राहिल्या, पण सातवा महिना उलटला आणि मग आठवडा सोडून येऊ लागल्या, मग महिन्याने. पाण्याच्या दिशेने खुर्ची वळवली की माईंचा डावा हात चाक घट्ट धरायचा. हौद उपसला गेला. आता त्यात पानं साचतात आणि आबांनी जीव लावून जपलेल्या गिलाव्याला कोरडेपणाने बारीक भेगा पडल्या आहेत. मुलाने आबांना एका शब्दाने दुखावलं नाही. ते आबांना जास्त जड गेलं असावं. आणि माईंचा तो एक शब्द, तो हॉस्पिटलमधून परत आलाच नाही.

मी आता व्हरांड्याच्या खिडकीत असते. रोज आठला आबा माईंची खुर्ची तिथे आणतात आणि त्यांच्या अंघोळीच्या बादलीतलं पाणी तपासतात. नळाच्या पाण्याला याची गरज नाही, हे त्यांना कळतं. तरी ते गोळी टाकतात, नळी हलवतात आणि स्वतः न पाहता ती आधी माईंच्या डोळ्यांपुढे धरतात. त्यांचं मनगट रिकामं असतं. ते घड्याळ त्यांनी माहितीपत्रकाच्या जागी, माझ्या स्पंजखाली ठेवून दिलंय आणि पत्रक खिडकीच्या चौकटीला चिकटवलंय. घड्याळ अजून चालू आहे. दिवसभर त्याची टिकटिक माझ्या पाठीखाली होत राहते.

मित्रांनो, मला जपा, माझ्या गोळ्या ओल्या होऊ देऊ नका, हे सांगायचा माझा अधिकार केव्हाच संपला. मी एवढंच मागते, की माझ्यासारखी वस्तू हाती आली तर तिचा कागद दोन्ही बाजूंनी वाचा. आणि तुमच्या घरात कुणी बोलू न शकणारं माणूस असेल आणि त्याने हात उचलला, तर तुमचं हातातलं काम तेवढ्यापुरतं राहू द्या आणि ते बोट कुठे जातंय ते आधी पाहा.

आज पाकिटातली शेवटची गोळी निघाली. नळीत अगदी फिका गुलाबी रंग आला. आबांनी नळी माईंपुढे धरली. माईंनी डावा हात हळूहळू उचलला, बोट रंगावर ठेवलं आणि आबांकडे पाहिलं.

"दिसलं गं," आबा म्हणाले. "दिसलं मला."

बोट माईंनी तिथेच ठेवलं.